जी विचारेल तिची बादली शेवटी

नांदेडला शिकवताना मी वर्गाला विचारते, काही शंका? कुणी तोंड उघडत नाही. तेवढ्यात ती मला दिसते. तीस वर्षं झाली, पण बया काही पाठ सोडत नाही.

लातूरच्या मुलींच्या होस्टेलात ती माझ्या खोलीत होती. देगलूरकडची, बौद्ध घरातली. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पाण्याचे लई हाल होते. टँकर यायचा तो नेमका अर्थशास्त्राचा तास सुटायच्या वेळेला. सर जुन्या वहीतून नोट्स सांगायचे. त्यात लातूर अजून तालुकाच होतं. आम्ही मुकाट तेच घोकायचो, कारण मार्क त्यालाच पडायचे.

एकदा सरांनी सांगितलं, पाऊस कमी म्हणून दुष्काळ. ती उभी राहिली. "सर, पाऊस तर समद्यांवरच कमी पडला. मग उसाला पाणी कुठून यायलंय?"

सर गडबडले, चिडले, तास लांबला. आम्ही धावत पोचलो तर टँकर रिकामा होऊन गेलेला. मग नियम झाला: तासाला जी प्रश्न विचारेल, तिची बादली शेवटी. नियम मीच सुचवला होता. खोटं कशाला बोलू?

तरी ती विचारायची, आणि मागं उभी राहायची. आम्ही तिला वकिलीणबाई म्हणून खिदळायचो. कधी तिच्या बादलीत तळाला गढूळ पाणी यायचं, कधी तेही नाही. पाण्यापासून मागं सारणं म्हणजे काय, ते तिच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या भोगलं होतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. कळत होतं.

दिवाळीनंतर तिनं विचारणं सोडलं. व्हरांड्यात येरझारा घालत आमच्यासारखीच घोकायला लागली. सर म्हणाले, पोरगी सुधारली.

परीक्षेच्या आदल्या दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. तिचा प्रश्न एवढे महिने मला आतून कुरतडत होता. मला खरंच उत्तर पाहिजे होतं. मी हळूच म्हणाले, "सांग की गं, उसाला पाणी कुठून येतं?"

तिनं वहीतून डोकं वर काढलं नाही.

"नोट्समधी न्हाई ते," म्हणाली.