अप्पा गाडी बघायला निघाले

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, एखादी वस्तू पहिल्या फटक्यात पसंत पडली असं मी कधी पाहिलं नाही. नारळसुद्धा हलवून, कानाशी धरून, वास घेऊन परत ठेवून द्यायचे. सून म्हणून मी कशी काय पास झाले, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. चेन्नईजवळच्या आवडी गावात, संरक्षण कारखान्यात, त्यांनी सगळी नोकरी तपासनीस म्हणून केलेली; माल नापास करायचा हेच काम. निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, सवय काही सुटली नाही. शेजारची तमिळ मंडळी पाठीमागे त्यांना 'रिजेक्ट अप्पा' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

आवडीतच माझा ऑफिसांना जेवण पोचवण्याचा धंदा आहे. पोळ्या, भाजी, वरण-भात. आमची पिकअप मुरुगन चालवायचा आणि शेजारच्या सीटवर रोज अप्पा, कडक इस्त्रीच्या शर्टात. काम काही नाही. "मी नसलो तर हा खड्डे बघत नाही, वरण सांडतं," म्हणायचे. वाटेत थांबून दोघं फिल्टर कॉफी प्यायचे, मग अप्पा ऑफिसच्या वॉचमनवर डाफरून यायचे. सासूबाई गेल्यापासून घरात त्यांचं बोलणं हूं-हूंवर आलं होतं. जे काय बोलायचे ते त्या सीटवर बसून.

मग एका डिसेंबरात वादळ आलं, गल्लीत पाणी भरलं आणि पिकअप स्टिअरिंगपर्यंत बुडाली. विम्याच्या सर्व्हेअरने बॉनेट उघडलं, आतला चिखल बघितला आणि म्हणाला, "टोटल लॉस." म्हणजे दुरुस्तीत अर्थ नाही, भरपाई घ्या आणि दुसरी गाडी बघा. भरपाई आली हो वेळेवर! घोडं अडलं ते दुसरी गाडी बघण्यात. भाड्याच्या टेम्पोने जेवण उशिरा पोचायला लागलं. अंबत्तूरच्या एका कंपनीने बजावलं, पुढच्या महिन्यापासून स्वतःची गाडी असेल तरच तुमची ऑर्डर. माझा निम्मा धंदा त्या ऑर्डरवर, आणि माझ्याकडे पोळ्या लाटणाऱ्या बायकांची घरंही. नवरा रेल्वेत, त्याला फक्त रुळावरच्या गाड्या कळतात. तेव्हा गाडी पसंत करणार कोण? अप्पा.

नाकी नऊ आणले हो त्या माणसाने! एका गाडीचे स्प्रिंगचे पाटे कडक. एकीचा मागचा फाळका बरोबर बसत नाही. एकीच्या पत्र्यावर टिचकी मारून म्हणाले, "पापड आहे." एक गाडी सगळीकडून चोख निघाली, तर म्हणतात, "एवढी चोख? काहीतरी लपवतायत." मी कपाळावर हात मारून घेतला. पोरासाठी स्थळं बघताना एवढी चिकित्सा केली असती तर मी सुटले असते, हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं. "तेव्हा सासूबाईंना घाई होती तुझ्या," म्हणाले.

पसंत पडला फक्त छोटा हत्ती, तो चिमुकला टेम्पो. इथे त्याला कुट्टी यानै म्हणतात. अप्पा टुणकन आत बसले, मांडीवर थाप मारून म्हणाले, "हिला काय झालंय?"

"अप्पा, माझी निम्मी पातेली खाली राहतील!"

"दोन फेऱ्या मार."

"दुसऱ्या फेरीचं जेवण काय त्यांनी चहाबरोबर खायचं?"

भर रस्त्यात आमचं असं जुंपलं की मुरुगन बिचारा लांब जाऊन उभा राहिला.

महिना संपत आला तेव्हा आम्ही आणखी एका शोरूममध्ये गेलो. मला हवी तशी उंच, ऐसपैस हौद्याची पिकअप उभी होती. अप्पांनी चाकं दाबली, वाकून चासी बघितली. सेल्समनने अदबीने दार उघडलं, "सार, उळ्ळ उक्कारुंग." आत बसून बघा म्हणून.

"बसून गाडी कळते होय?" अप्पा खेकसले. पण तो पोरगा चिवट, त्याने दार धरूनच ठेवलं. अप्पांनी दांडी पकडली, पायरीवर एक पाय ठेवला. दुसरा उचलला, तो अर्ध्यातच थांबला. पुन्हा जोर लावला. मुरुगन हात द्यायला पुढे झाला, त्याच्याकडे अप्पांनी असं बघितलं की तो जागच्या जागी थिजला. मग खाली उतरले, रुमालाने हात पुसला आणि म्हणाले, "रंग बरोबर नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नापास झालेल्या सगळ्या गाड्या उंच होत्या; आमची बुडालेली पिकअप जुनी, बुटकी होती.

मी त्यांना बाहेर चहाच्या दुकानाशी नेलं. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? गुडघा चढत नाही, एवढं सांगायला काय झालं होतं?"

"सांगून काय केलं असतंस?"

"छोटी घेतली असती!"

"मग? माझ्या गुडघ्यासाठी धंदा बुडवायचास? तुला आपणहून पटली असती तर गोष्ट वेगळी."

"स्टूल ठेवू चढायला."

"म्हणजे अख्ख्या आवडी गावाने बघायचं, तपासनीस स्टुलावरून गाडीत चढतोय! काही नको." चहा अर्धा टाकून ते आत गेले आणि सेल्समनला म्हणाले, "हीच. पांढरी द्या."

पहिल्या दिवशी चाकांखाली लिंबं चिरडून गाडी निघाली. अप्पा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मला वाटलं, चढतायत की काय. त्यांनी पोळ्यांचा मोठा डबा मागवला, तो उचलून शेजारच्या सीटवर ठेवला, सीटचा पट्टा ओढून डब्यावरून घेतला आणि टोक पलीकडे मुरुगनच्या हातात दिलं. "मागे वाऱ्याने पोळ्या वातड होतात," म्हणाले. मागे चांगली जाड ताडपत्री होती. मुरुगनने पट्टा लावला. मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला, आणि रडूही आवरेना.

गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी अप्पा फाटकातून हलले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, आता दुपारपर्यंत मी काय करायचं?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझा सल्ला मागितला तो तेवढाच. अप्पा जाऊन वर्ष होत आलं, मला त्याचं उत्तर अजून सुचलेलं नाही.