बाबांच्या फोनमधले साहू

चूक बाबांची. आधीच सांगून टाकतो, मग मला कोणी बोलायचं नाही. फजिती मात्र माझी झाली, अन् अशी झाली म्हणता!

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर. त्यांच्या बटनवाल्या फोनमध्ये आख्खा प्लांट राहायचा. वर्मा कोक ओव्हन, राव ब्लास्ट फर्नेस, साहू कँटीन, साहू वैशाली नगर! लहानपणी आमच्या क्वार्टरपुढे सायकली थांबायच्या त्याही याच नावांच्या. मी आतून ओरडायचो, "बाबा, कोक ओव्हन आले!"

ताईचं साक्षगंध ठरलं. बाबा म्हणाले, "कॉलेज सोडून दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसून राहतं, एक तरी काम कर. जुन्या फोनचे नंबर नव्यात टाक. वैशाली नगरच्या साहूले बोलवायचं हाय. पावर हाउसच्या बाजारात त्याचं दुकान रिकामं पडलं हाय. तुह्यासाठी बोलतो."

माझं मोबाइल रिपेरिंगचं दुकान! लगेच नंबर कॉम्प्युटरवर उतरवले. यादी पाहून डोकंच फिरलं. सगळे रिटायर झाले, आता कायचं कोक ओव्हन अन् कायची कँटीन? सगळ्यांच्या नावांमागच्या शेपट्या कापल्या. कॉम्प्युटरने विचारलं, एकाच नावाचे नंबर आहेत, जादाचे काढू? काढ ना बाप्पा! जुन्या फोनमधलंही सगळं पुसून टाकलं.

उरला एकच साहू.

बाबांचे कान प्लांटातल्या रोलिंग मिलच्या आवाजात गेलेले. पण कबूल करतील तर म्हातारे कसले! फोनवर ओरडले, "साहू! बेटी का सगाई है, पूरी फॅमिली लेके आना!"

मग मला विचारतात, "हा कावून रडून राहिला बे?"

"आनंदानं," मी म्हणालो. अक्कल बघा माझी!

साक्षगंधाला टेम्पो भरून उतरला तो कँटीनवाला साहू! कटलेटवरून झालेल्या भांडणापासून बाबांशी वर्षानुवर्षं अबोला. साहू सरळ बाबांपुढे आला अन् बोलला, "कटलेट ठंडा था. मान लिया यार."

बाबांनी मिठीच मारली. मग नाइट शिफ्ट, भोंगा, गेटवरचा चहा... व्याही ताटकळले तरी दोघं उठेनात. मीही ऐकत बसलो. खोटं कशाला बोलू, क्वार्टरपुढच्या त्या सायकली डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या.

पंगत उठल्यावर बाबांना आठवलं. "वैशाली नगरवाला नाही आला?"

कसा येईल? आख्ख्या भिलाईला आमंत्रण, त्यालाच नाही. तो रुसला तो रुसलाच.

पावर हाउसच्या त्या दुकानावर आता दुसऱ्याच कोणाचा बोर्ड आहे: 'पुराने फोन के नंबर नए में डलवाइए.'

दुकान गेलं.