साक्षीदाराच्या चिठ्ठीवरची सही

कोर्टात मी दुभाषी म्हणून गेलो आणि सही केली साक्षीदाराच्या भत्त्याच्या चिठ्ठीवर. त्या सहीपायी बहिणीची तारीख वाया गेली.

मी मुरबे गाव सोडलं तेव्हा ही बहीण, मथाबाय, एसटीच्या दारापर्यंत पोचवायला आली होती. जन्मापासून बहिरी, बोलणं सगळं हातांनी. कुठल्या शाळेतली भाषा नव्हे ती, आमच्या घरातच तयार झालेली. सुरमईचा हात वेगळा, पापलेटचा वेगळा, बाबांच्या रागाचा तर फारच वेगळा. त्या दिवशी तिने एवढंच विचारलं, आता माझ्याशी भांडणार कोण? बाबा म्हणाले, "जा. पन येशील तं बसायला वेळ घेऊन ये." मी आखातात निघाल्यासारखा रडलो. निघालो होतो बोईसरला.

गावात राहिलेल्यांनो, हसा. पण माझ्यासारखे जे निघाले त्यांना ठाऊक आहे, बोईसर एसटीने जवळ आणि शिफ्टने लांब. रंगाच्या कारखान्यात मशीनच्या आवाजात आम्हीही हातांनीच बोलायचो. बिहारचा असो की केरळचा, सगळ्यांचे हात एकच सांगायचे: वॉल्व खोल, बंद कर, चाय आली. वर्षं तशीच गेली. सुटीच्या दिवशी झोप जिंकायची, गाव राहून जायचं.

मग मथाबायच्या दिराने दावा लावला. नवरा गेल्यावर तिने बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांडींची जागा आपल्याला अंगठा देऊन सोडली, असं त्याचं म्हणणं. तिचं सगळं पोट त्या बांबूंवर वाळत असे. साक्ष तिची व्हायची होती, आणि तिचे हात कोर्टाला समजावून सांगणारा माणूस हवा होता. मी ऐटीत पुढे झालो. घरची भाषा, मला नाही येणार तर कुणाला?

पालघरला कोर्टाच्या व्हरांड्यात ती मला सगळं पुन्हा सांगू लागली. भराभर. अर्ध्याहून जास्त डोक्यावरून गेलं. मी मान डोलावत राहिलो. तिच्याबरोबर रोज मासळी विकणारी काशीवैनी शेजारी बसून माझी ती मान बघत होती.

रजा बिनपगारी होती. कारकुनाला विचारलं, माझ्या आजच्या दिवसाचं काय?

"दुभाष्याला द्यायचा कागदच नाही आमच्याकडे," तो म्हणाला. "आजवर कोणी मागितलंच नाही. साक्षीदाराचा आहे, करा सही."

केली. वर त्याचे आभारही मानले.

आत दिराच्या वकिलाने फायलीला लागलेली तीच चिठ्ठी पुढे केली. "साहेब, हे गृहस्थ स्वतःच साक्षीदार. दुसऱ्याची साक्ष कशी सांगणार?"

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी पैशापुरताच साक्षीदार आहे, साहेब."

कोर्ट हसलं. पुढची तारीख पडली. मथाबायने हसणारी तोंडं पाहिली आणि मला विचारलं, काय झालं? ते सांगायलासुद्धा मला हात सापडेनात.

पुढच्या वेळी माझ्या जागी काशीवैनी उभी राहिली. शपथेआधीच म्हणाली, "सायेब, माजी टोपली आज बाजारात नाय गेली. बोलीन खरा, पन फुकट नाय बोलनार." न्यायाधीशांनी तीच छापील चिठ्ठी मागवली, 'साक्षीदार' शब्दावर रेघ ओढली आणि वर 'दुभाषी' लिहिलं. बस, एक रेघ. ती मागायची अक्कल मला झाली नव्हती.

मग मथाबायचे हात चालू लागले आणि काशीवैनी एकदाही अडली नाही. अंगठा दिला होता तो नवऱ्याची जाळी विकायला, जागेसाठी नव्हे. निकालाला आणखी दोन पावसाळे गेले, पण वलांडी अजून तिथेच आहेत. माझ्या हातात ती साक्ष असती तर बांबूसकट गेल्या असत्या. म्हणून आता मी गावभर सांगतो, माझी चुकीची सहीच कामाला आली.

साक्ष झाली त्या दिवशी स्टँडवर आम्ही तिघं एसटीची वाट बघत होतो. अंग आंबून गेलं होतं, दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट. एक बरं वाटत होतं, की आपल्या माणसांत बसलोय. घर म्हणजे जिथे कुणाचं बोलणं विचारून घ्यावं लागत नाही. तेवढ्यात मथाबायने माझ्याकडे बोट करून भराभर काहीतरी सांगितलं. काशीवैनी पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"ती म्हनते, याच्याशी बोलायचा तं आता कोर्टाकडून दुभाषी मागाया पायजे."