जमीन आबांची, भिंती आमच्या

आम्ही गाव सोडलं तेव्हा ट्रकमध्ये सगळ्यात आधी तिफण चढली आणि सगळ्यात शेवटी मी. मधल्या जागेत जातं, उखळ, पाटा, धान्याच्या दोन कणग्या, बाज, मोटेचं फाटकं चामडं आणि उतरंडीची मडकी होती. मडकी फुटू नयेत म्हणून त्यांना गोधड्या गुंडाळल्या होत्या. मला कुणी काही गुंडाळलं नव्हतं.

लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात लागोपाठ पाऊस हुकला होता. बैल गेले होते, आई आणि दादा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. अशात दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ढोकीकडं साखर कारखान्याच्या गोदामात काम लागलं आणि वसाहतीत एक खोली मिळाली. निरोपाला निम्मं गाव जमलं. ट्रकमधली तिफण बघून चुलते म्हणाले, "आरं, बैलं न्हाईत, रान न्हाई, तिफण कशापायी? तिथं काय साखर पेरणार हाईस व्हय?"

सगळे हसले. आबा हसले नाहीत. आबा म्हणजे माझे आजोबा. डोळ्यांत फूल पडून त्यांची नजर कधीच गेलेली. ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून त्यांनी एवढंच म्हटलं, "तिफण घरची हाय. घर जाईल तिथं जाईल." विषय संपला. आमच्या घरात विषय आबांपाशीच संपायचे.

नजर नव्हती, पण गावात आबा कुणाच्या हाताला धरून चालले नाहीत. उजव्या हाताला जातं लागलं की दोन पावलांवर दार, दारातून भिंतीला हात लावत गेलं की पाण्याचा रांजण. पाहुण्यांना त्यांच्या नजरेबद्दल सांगावं लागे, आणि सांगितलं तरी खरं वाटत नसे.

आणि नेमकी इथंच आम्ही चूक केली. आईनं आणि दादांनी ठरवलं, आबांना चुकल्यासारखं होऊ नये, म्हणून गावाकडं जे जिथं होतं ते नव्या खोलीतही तिथंच मांडायचं. उजवीकडं जातं, पलीकडं कणग्या, दाराच्या आतल्या अंगाला तिफण. सगळं जागच्या जागी बसलं. फक्त गावचं घर चार खणांचं होतं आणि ही खोली त्यातल्या एका खणाएवढी. घर आलं, पण घरातली वाट गावाकडंच राहिली.

आबा बाजेवर बसून राहिले. पाणी हवं तर मला हाक. बाहेर जायचं तर मला हाक. मी मोठ्या रुबाबात त्यांचा हात धरून नेई आणि स्वतःच उखळाला अडखळे. एके दिवशी कुणी नसताना ते एकटेच उठले आणि तिफणीच्या दांडीवर आदळून पडले. हनुवटी फुटली. आई धावत आली तर ते जमिनीवर बसून तिफणीवरून हात फिरवत होते, ओळखीचं जनावर शिंग मारून गेल्यासारखं.

दादा कामावरून आल्यावर आबा म्हणाले, "मला गावाकडं सोड. हितं म्या सामानातलं सामान झालोय."

"आबा, तिथं तुमाला बघाया कोण हाय?"

"तिथं बघाया लागत न्हाय."

 सुट्टीच्या दिवशी नेतो, दादा म्हणाले. गावात विहिरी कोरड्या, पाणी टँकरचं, चुलत्यांसकट शेजारची घरं कामासाठी बाहेर पडलेली. वसाहतीतल्या शेजारणीला, सागरमावशीला, आई हळूच म्हणाली, "गेले तर पुन्ना दिसायचे न्हाईत." ते मला ऐकू जाऊ नये असं तिला वाटत होतं. मी बाजेखाली होते. खोलीत दुसरीकडं बसायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दादा कामावर गेले आणि आईनं पदर खोचला. सागरमावशी आणि ती, दोघींनी मिळून खोलीतला कण न् कण दारासमोरच्या लिंबाखाली आणला. मला वाटलं, निघालोच आपण. मी माझी बाहुली घेऊन ट्रकची वाट बघत बसले. आईनं आबांना सावलीत बसवलं आणि त्यांचा हात धरून पहिल्यांदा जात्यावर ठेवला. ते जातं तिच्या लग्नातलं, तिच्या माहेरचं.

"मामंजी, हितं कोपऱ्यावर गिरणी हाय. ह्याला आता हितं काम न्हाई."

आबांची बोटं जात्याचा खुंटा चाचपत राहिली.

"कारखान्याच्या मागं एक बाई डाळ भरडून इकती. तिच्याकडं ह्याला काम हाय. जाऊ द्या."

"तुजं जातं, पोरी. तूच जाऊ द्या म्हन्तीस?"

"मीच म्हन्ते."

तिथून पुढं आबा स्वतःच बोलायला लागले. एकेक वस्तू हातात यायची, ते चाचपायचे, ती कधी आणली, कुणी बनवली, कुणाच्या डोक्यात घातली होती, सगळं सांगायचे. आई मध्ये बोलत नसे. बोलून झालं की दोघांचा एकच सवाल: हितं काम हाय का? नसेल तर कुठं हाय? फेकून द्यायची भाषा कुणाच्याच तोंडी नव्हती. कणग्या शेरडंवाल्याकडं गेल्या. मोटेच्या चामड्याच्या, आबांच्या हुकमावरून, चांभाराकडं चपला झाल्या.

शेवटी तिफण उरली. आबांनी तिच्या चाड्यात, जिथून मूठ मूठ बी सोडायचं त्या लाकडी वाटीत, बोटं घातली आणि तशीच ठेवली. सागरमावशी मुरुम गावाकडची. ती चाचरत म्हणाली, "आबा, माज्या भावाला थोडं रान हाय. तिफण न्हाई. लोकांची पेरनी उरकली की मागून आनतो. तवर ओल उडती."

"कुनाच्यातली गं तू?"

आईचे हात थांबले. गावाकडं या प्रश्नानंतर बरंच काही थांबायचं.

"बौद्ध हाय आमी," सागरमावशी म्हणाली. चाचरणं संपलं होतं.

आबांनी चाड्यातनं बोटं काढली. "ओल कुनाचं घर इचारून थांबत न्हाय," ते म्हणाले. "भावाला म्हनावं, दांडी सैल हाय, पाचर मार. आन् पयल्यांदा पेरायचं. मागनं न्हाई."

मी आज पुण्यात राहते. फ्लॅटमध्ये ट्रेडमिल आहे, त्यावर ओढण्या वाळतात. मिक्सर बिघडला, मिक्सरचं खोकं मात्र शाबूत आहे. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांची तर मी उतरंडच रचली आहे. माझी लेक घर आवरायचे व्हिडिओ मला पाठवते. ते मी 'नंतर बघू' म्हणून साठवते, आता मोबाईलही भरला आहे. तुम्ही जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, तुमच्याकडंही माळ्यावर असलंच काही असणार. असू द्या. पण शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आईनं एका दुपारी जे केलं ते मला एवढ्या वर्षांत जमलेलं नाही. आपण आवरतो ते पाहुणे यायचे म्हणून. तिनं आवरलं ते घरातल्या एका माणसाला उठून चालता यावं म्हणून.

उरलेल्या वस्तू तिनं भिंतींवर चढवल्या. खुंट्या ठोकल्या, फळी मारली, दोरी बांधली. बाजेपासून दारापर्यंत आणि बाजेपासून पाण्याच्या घागरीपर्यंत माणूस चालेल एवढी वाट अगदी रिकामी ठेवली. मग मला आणि दादांना समोर उभं करून कायदा सांगितला: "जमीन आबांची. तुमाला भिंती दिल्यात." त्यानंतर जमिनीवर सापडलेली माझी पाटी, चप्पल, बाहुली थेट सगळ्यात वरच्या खुंटीवर जायची. दादांचा शर्टही सुटला नाही. दादा मागायला गेले की म्हणायची, "जमीनमालकाला इचारा." आबा बाजेवरून हसायचे. गाव सोडल्यावरचं त्यांचं हसू मी तिथं पहिल्यांदा ऐकलं.

पण सुट्टीचा दिवस ठरलेला होता. दादा पिशवी भरून उभे राहिले. "आबा, यष्टीची येळ झाली. निगायचं का?"

आबा उत्तर न देता उठले. मी सवयीनं हात धरायला पुढं झाले, तर चुलीपाशी भाकरी थापत बसलेल्या आईनं डोळ्यांनी मला जागीच खिळवलं आणि लगेच मान खाली घातली. आबांनी पाय पुढं टाकला. एक हात भिंतीला. वाटेत काही नाही, पुन्हा पाय. आईची मान खाली, पण भाकरीचं थापणं बंद पडलेलं.  मग आबांची बोटं घागरीच्या काठाला लागली. त्यांनी तांब्या बुडवला, उभ्यानं पोटभर पाणी प्यायले आणि मिशा पुसत म्हणाले, "यष्टी जाऊ दे. भाकरी व्हईस्तोवर अंगनात बसतो."

आणि ते एकटे दारातून बाहेर गेले.

कुणी गाव विचारलं तर मी आजही लोहाऱ्याकडचं सांगते. घर विचारलं तर मला ती एका खणाची खोली दिसते. आबा उंबरा ओलांडतात, आई त्यांच्याकडं मुळीच बघत नाही, आणि थांबलेली भाकरी परत थापायला लागते.