पाठवणीची धून

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात — मग हे एवढी वर्षं मी कुठं दडवलं असेल, सांगा?

परभणीतली आमची टॉकीजमागची गल्ली तुम्ही पाहिली नाहीत. तुमचं नशीब फुटकं. बाहत्तरच्या दुष्काळात जिल्ह्यातल्या विहिरी आटल्या, आमच्या हॉटेलातला चहा आटला नाही. नाटकवाल्यांच्या दाढीमिशा दोरीवर वाळत असायच्या — एकदा उडालेली मिशी थेट ताडकळसच्या बाजारात म्हशीला चिकटली. पोस्टरं रंगवणारा पेंटर प्रत्येक हिरॉइनला स्वतःच्या बायकोचं नाक काढायचा. आणि बॅण्डवाल्या उस्मानभाईंनी क्लॅरिनेटवर पाठवणीची धून धरली की टांग्याची घोडीसुद्धा रडायची. हे मात्र खरं आहे.

हॉटेलात एकच कायदा — थापेला पुरावा मागायचा नाही. मागेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा.

तिथंच एका दुपारी मी एक थाप सोडून दिली: उस्मानभाईंनी वाजवून पाठवलेली नवरी वर्षाच्या आत माहेरी परत येते. का? काही नाही हो. मंडळी जांभया देत होती. लोक हसले. लय हसले.

पुढं तीच गोष्ट मला पालमच्या एसटीत एका अनोळखी म्हातारीनं सांगितली — नवऱ्या मुलींची नावं, गावं लावून! कंडक्टर मान डोलावत होता. मी काय म्हणणार होतो — पुरावा द्या?

उस्मानभाईंच्या सुपाऱ्या सुटत गेल्या. वावडी कुणी उठवली, त्यांना कळलंच नाही. आणि एक दिवस ते माझ्याच ओट्यावर येऊन बसले. माझ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं.

"भाऊ, ताईच्या लग्नात मला वाजवू दे. फुकट. तिचा संसार बघून लोकांची तोंडं बंद होतील. तू तं मानत न्हाईस ना असलं?"

"छे!" मी म्हणालो. "छे छे, उस्मानभाई!"

आणि बॅण्ड नांदेडहून आणला.

लोकांना भ्यालो म्हणता? तसं असतं तर बरं होतं. ती थाप माझी, तिचा धागा न् धागा मी वळलेला — आणि तिलाच मी भ्यालो. वाटलं, असलंच त्यात काही खरं तर?

पाठवणीला उस्मानभाई गल्लीच्या तोंडाशी उभे होते. इस्त्रीचा सदरा, हात रिकामे. ताई त्यांच्या पाया पडायला वाकली, तर ते मागं सरले — सरत सरत पार भिंतीला टेकले.

"नको बेटा. माझ्या नको."

मी शेजारीच होतो. साऱ्या गल्लीत मोठं तोंड माझं — ते मिटलेलं होतं.