रत्नाकर सरांचे कान

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिच्यापासून लपवावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि रत्नाकर सरांनाही नाही.

गोष्ट एका केबलची आहे. हसू आलं तर हसा, माझी ना नाही.

पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यावर मला गाणी ऐकण्याचा नाद लागला. म्हणजे नाद आधीचाच, आता त्याला वेळ मिळाला. नगरला सावेडीच्या घरात पुढची खोली मी त्यासाठी अडवली — मोठे स्पीकर, अॅम्प्लिफायर, जाड पडदे. नगर-पुण्यातल्या अशाच रिकामटेकड्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. कोणी नवीन काही घेतलं की तिथे प्रश्न यायचा, अनंतराव काय म्हणतात? मला ते आवडायचं. कोणाला नाही आवडणार?

पुण्याच्या एका दुकानदाराने मला एक यूएसबी केबल पाठवली. ऐका आणि मत द्या, म्हणाला. लॅपटॉपमधलं गाणं अॅम्प्लिफायरकडे न्यायचं, एवढंच तिचं काम. पण आली दागिन्यासारखी, मखमली डबीत. जाड, विणलेली, वळवली तर परत सरळ होणारी. मी जुनी काढली — ती जुन्या प्रिंटरची होती — आणि नवी लावली. ऐकलं. पुन्हा जुनी लावून ऐकलं.

मला काडीचाही फरक कळला नाही.

मग मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. गायिकेचा श्वास ऐकू येतो, तबल्याची शाईसुद्धा ऐकू येते असं लिहिलं. शेवटी लिहिलं की हा फरक शेंबडं पोरही सांगेल. का लिहिलं? डबी मखमली होती म्हणून? की ‘मला कळलं नाही’ हे अनंतरावांनी कसं म्हणायचं म्हणून? माहीत नाही. लिहीत गेलो आणि खरं वाटत गेलं. इथवर असतं तर हा नुसता विनोद होता.

रत्नाकर सर आमच्या मागच्या गल्लीत राहतात. गणिताचे शिक्षक होते आणि उभं आयुष्य त्यांनी त्यांच्या चर्चची कॉयर बसवली. तीस माणसं गात असताना कोणाचा सूर केसभर हलला हे ते डोळे मिटून सांगायचे — नाव घेऊन. नगरात त्यांच्या कानांचा दाखला देत. एका दुपारी ते आले. नेहमीसारखा, इथल्या ख्रिस्ती मंडळींच्या रीतीने ‘सलाम’ केला, बसले, पण चहा घेतला नाही.

“कॉयरमध्ये कुजबुज चाललीय,” ते म्हणाले. “वरच्या पट्टीतल्या मुलींना मी उगाच थांबवतो म्हणे. त्या बरोबरच गातात, सरांचेच कान गेले. अनंतराव, तसं असेल तर नाताळाच्या आधी मीच बाजूला होतो, त्यात कमीपणा नाही. पण मला कळायला हवं. तुमचं ते केबलचं भाच्यानं वाचून दाखवलं. शेंबडं पोर सांगेल म्हणता ना? मग मला सांगता येतं का, तेवढं बघू.”

आता सांगा, त्या वेळी मी काय बोलायला हवं होतं? एक वाक्य पुरलं असतं.

मी त्यांना स्पीकरसमोर बसवलं. त्यांनी डोळे मिटले. आधी जुनी केबल, मग खरोखरच बदलून नवी. ते म्हणाले, “सारखंच वाटतं.” मी म्हटलं, पुन्हा ऐका. कपाटामागे वाकलो, खुडबुड केली — आणि केबल बदललीच नाही. तीच ठेवली. वाटलं, बदलली असं समजून तरी ते काहीतरी फरक आहे म्हणतील. माणसं म्हणतात. मी स्वतःही म्हटलंच होतं की.

सरांनी गाणं संपेपर्यंत ऐकलं. “नाही हो,” म्हणाले. “तेच आहे.”

तेच होतं.

मी म्हणालो, “सर, जमीन-अस्मानाचा फरक आहे.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही त्यांच्याकडे बघत होतो, नजर चुकवली नाही. मनात एवढंच होतं — सर बाहेर जाऊन ‘फरक नाही’ म्हणाले, तर नगरात माझ्या शब्दाला कोण विचारणार? त्यांनी चष्मा पुसला, माझे आभार मानले — हो, आभार — आणि गेले.

पुढच्या आठवड्यात काकू भाजीवाल्याच्या गाडीपाशी भेटल्या. सरांची बायको, सोनईकडच्या. म्हणाल्या, “भाऊ, ह्यांनी कॉयर सोडली. म्हनत्यात, अनंतरावानं तपासून सांगितलं. आता घरात गुनगुनत बी न्हाईत. तुमी लई जवळचे, येऊन बसत जा की.” मी बरं म्हणालो. मेथीची जुडी घेतली, घरी आलो, जेवलो.

मला त्या दिवशी काही वाटलं नाही. आजही वाटत नाही. रडू येत नाही, झोप उडत नाही. दात काढताना सुई दिल्यावर गाल असतो ना, आपलाच असून आपला नसलेला — तसं आहे. लाज वाटायला हवी हे मला समजतं, एवढंच.

नाताळाला सर दरवर्षी मला उपासनेला बोलावतात. त्या वर्षीही बोलावलं. या वेळी ते पुढे उभे नव्हते, शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बसले होते. कॉयर नव्या मुलाने बसवली होती. दुसऱ्या गीतात वरच्या पट्टीतल्या मुली सुरातून उतरल्या. थोड्याच, पण उतरल्या. सरांची मान झटकन वर झाली. हात गुडघ्यावरून उचलला गेला, मुलींना थांबवायला उचलायचे तसा. मग ते माझ्याकडे वळले. नुसत्या भुवया उंचावून विचारलं — उतरल्या ना?

मी मान हलवली. नाही.

सरांनी हात परत गुडघ्यावर ठेवला आणि गीतांचं पुस्तक मिटलं.

मुली उतरल्या होत्या. मला स्वच्छ ऐकू आलं होतं.