गाडीच्या काचेवरची फिल्म

माझ्या बायकोला ऊन सोसत नाही. असं बरेचजण म्हणतात, पण तिचा तो आजारच आहे. दहा मिनिटं ऊन लागलं की गालांवर, हातांवर लाल चट्टे उठतात आणि पुढे दोन दिवस सांधे दुखतात. वापीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "गाडीच्या काचेतूनसुद्धा ऊन लागतं."

मी तलासरीच्या एका शाळेत शिक्षक, राहायला डहाणूला. दर महिन्याला वापीला तपासणीला जायचं. ती मागच्या सीटवर डोक्यावरून चादर घेऊन बसायची. मे महिन्यात ते बघवत नसे. म्हणून गेल्या वर्षी मी काचांना फिल्म लावून घेतली. लावणारा वापीचा. म्हणाला, "टेन्शन नका घेऊ सर, काळी नाय, आछी छे, एकदम फिकी. ऊन अडेल, माणूस दिसेल." काचेवर साबणाचं पाणी मारून, रबरी पट्टीने एकेक बुडबुडा बाहेर काढत त्याने अख्खी दुपार घालवली.

त्या रविवारी आम्ही विवळवेढ्याला देवीला गेलो. ती पुढे बसली, चादरीशिवाय.

"अहो, हा पूल कधी झाला?"

"दोन वर्षं झाली."

ती बराच वेळ मागे वळून बघत राहिली.

पुढच्याच खेपेला तलासरीच्या पुढे हायवेवर पोलिसांनी गाडी अडवली. साहेब शांतपणे म्हणाले, "सर, काचांवर फिल्म चालत नाही. काढावी लागेल."

मी डॉक्टरांचं पत्र दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. "मला कळतंय. पण सूट द्यायचा अधिकार मला नाही."

"मग कोणाला आहे?"

"ते मलाही सांगता यायचं नाही."

ते उद्धट बोलले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

फिल्म मीच काढली, तिथेच. नखाने कोपरा उचलायचा आणि ओढायचं. ती फाटत फाटत निघत होती आणि सीटवर ऊन पुढे पुढे येत होतं. बायको मागच्या सीटवर जाऊन बसली आणि सरकत सरकत पलीकडच्या दाराला टेकली. मग त्या दाराचीही पाळी आली. माझा हात थांबला.

"काढा," ती म्हणाली. "तुम्ही तरी काय करणार?" आणि तिने चादर ओढून घेतली. हवालदाराने पाण्याची बाटली पुढे केली. मी ती घेतली.

नंतर दोन कचेऱ्यांत अर्ज दिले. एकीकडे म्हणाले, असा फॉर्मच नाही. दुसरीकडे पोच मिळाली, उत्तर नाही.

आता आम्ही उजाडायच्या आत निघतो. डॉक्टर अकराला येतात. तपासून झालं तरी ऊन उतरेपर्यंत दवाखान्यातच, खिडकीपासून लांबच्या बाकावर बसतो. मी मुलांच्या वह्या तपासतो, ती माझ्या खांद्यावर डोकं टेकते.

मागच्या वेळी तिने विचारलं, "बाहेर जरा ढग आलेत का हो?"

मी दारापर्यंत जाऊन बघून आलो. नव्हते.